अकरा सव्वीसची नोंद

१

"एकच ओळ लिहायची आहे तुम्हाला," अधीक्षक मॅडम म्हणाल्या. "'लॅबकडून डॉक्टरांना कोणताही मेल गेलेला नाही.' खाली सही. चार वाजता समिती बसतेय."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी अजून पर्सही खाली ठेवली नव्हती.

मागच्या मंगळवारी किडनीच्या वॉर्डात एक गृहस्थ गेले. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं, वय साठच्या आसपास. सकाळी त्यांचं रक्त तपासलं, तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं निघालं. एवढं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं, म्हणून असा आकडा दिसला की लॅबनं तत्काळ डॉक्टरांना इशारा द्यायचा असतो. लॅबमधली मुलगी म्हणत होती, अकरा दहाला मी मेल पाठवला. डॉक्टर म्हणत होते, मला काहीही मिळालं नाही. दुपारी साडेचारला त्या गृहस्थांचं हृदय थांबलं.

या हॉस्पिटलचा मेल सर्व्हर गेली एकोणीस वर्षं मी सांभाळते. सगळे मला पोस्टमास्तरीण म्हणतात. आधी राग यायचा, आता सवय झाली.

"तुम्ही कशावरून म्हणता की गेलाच नाही?" मी विचारलं.

"लॅबच्या 'पाठवलेले'मध्ये नाही. डॉक्टरांच्या पेटीत नाही. आणि काल तुम्हीच सांगितलंत की सर्व्हरवर नोंद नाही."

"मी म्हटलं, नोंद उरलेली नाही. आमची रोजची नोंद तीन दिवस टिकते, मग आपोआप पुसली जाते. तुम्ही सहाव्या दिवशी विचारलंत. नोंद नाही म्हणजे मेल नव्हता असं होत नाही, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. वाईट बाई नाही ती. पण त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर त्या गृहस्थांची बायको तीन दिवस येऊन बसत होती, आणि तिला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

"समितीत मी आहे, मुख्य परिचारिका आहेत आणि तुमचे दादा. तिघांचं एकमत आहे. त्या मुलीला काढायचं आणि तिची नोंदणी रद्द करण्याची शिफारस करायची. तुमची एक ओळ आली की संपलं."

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. लॅबचा प्रमुख. हॉस्पिटलभर सगळेच त्याला दादा म्हणतात. मला या नोकरीत चिकटवलं तेही त्यानंच.

"चारपर्यंत देते," मी म्हणाले. पण कोणती ओळ देईन ते सांगितलं नाही.

२

मुलीला सगळे चिमणी म्हणतात, आवाजावरून. नोकरीला लागून सात महिने झालेले. मी लॅबमध्ये गेले तेव्हा तर आवाज फुटतच नव्हता. तिला नमुने घ्यायला मनाई होती, म्हणून ती रिकाम्या नळ्यांवर लेबलं चिकटवत बसली होती.

"पहिल्यापासून सांग. रडायचं असेल तर आधी रडून घे, मला घाई आहे," मी म्हणाले. मी अशीच बोलते. तिला ते बरं वाटलं असावं.

"मॅडम, मशीननं आकडा दिला. सात पॉइंट एक. पूर्वी आम्ही फोन करायचो. आता लेखी पुरावा हवा म्हणून मेलच करायचा असा नियम आहे. मी काउंटरवर बसून मेल लिहिला आणि पाठवला. 'पाठवला' असं आलंसुद्धा."

"काउंटरवरच्या त्या डब्यावरून?"

"हो. ब्राउझर उघडायलाच पाच मिनिटं लागली."

तो जुनाट संगणक मला चांगलाच माहीत होता. त्याला मेलचा पूर्ण प्रोग्रॅम झेपेना, म्हणून तो प्रोग्रॅम काढून मीच तिथे नुसता ब्राउझर ठेवला होता.

"मग?"

"मग सव्वाअकरापासून बारापर्यंत मी नमुने घेत होते. रजिस्टरवर प्रत्येकाची वेळ आणि सही आहे. मधे उठलेसुद्धा नाही."

"लॅबच्या मेल खात्याचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे?"

"मी, दादा आणि ते दुसरे टेक्निशियन. ते महिनाभर रजेवर आहेत, परदेशी मुलीकडे." तिनं एका नळीवर लेबल लावलं, ते वाकडं बसलं. मग खाली बघत म्हणाली, "मॅडम, एक चूक झालीय माझ्याकडून. कोणालाच सांगितलेली नाही. विषयाच्या ओळीत 'तातडीचे' लिहायचं असतं. ते मी विसरले. नुसता खाटेचा नंबर टाकला. त्याच्यामुळेच तर..."

"घरी बोललीस कोणाशी?"

"नाही. घरचे आधीच माझ्याकडे असं बघतात की मीच मारलं त्यांना. आणि मॅडम, मला रात्रंदिवस एकच वाटतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात माझे दोन नमुने फुटले होते. सुई नीट लागली नाही की रक्तातल्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम उगाच जास्त दिसतं. दादा खूप रागावले होते. हाही तसाच असेल का? मग ते गृहस्थ कशानं गेले? आणि नमुना चांगला असेल, तर माझा मेल कुठे गेला?"

मी तिच्या हातातलं वाकडं लागलेलं लेबल काढून सरळ लावलं आणि निघाले.

३

डॉक्टर भेटले ते जिन्यात, तेही दोन मिनिटं.

"मी राउंडवर होतो. साडेबाराला पेटी उघडली, त्यात काही नव्हतं. असतं तर मी धावलो असतो. तुम्हाला वाटतं मी बघून सोडून दिलं?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय."

"माझा पेशंट होता तो. अकरा वर्षांपासूनचा." एवढं बोलून ते तरातरा वर गेले. खोटं बोलणारा माणूस सहसा थोडं जास्त बोलतो. हे फार कमी बोलले.

त्यांच्या खोलीबाहेर त्यांची सेक्रेटरी बसते. डॉक्टरांची मेलपेटी तिच्याही पडद्यावर दिवसभर उघडी असते. माझं आणि तिचं फारसं पटत नाही. आठवड्यातून एकदा तरी ती 'मेल उशिरा येतात' म्हणून माझ्या नावानं खडे फोडते.

"मंगळवारी सकाळी लॅबचा मेल पाहिलात?"

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "कोणाला सांगणार नसाल तर सांगते. एक मेल आल्यासारखा वाटला. लॅबचाच. मी तेवढ्यात डॉक्टरांची फाइल द्यायला खाली गेले. परत आले तर नव्हता. म्हटलं, डॉक्टरांनी मोबाइलवर वाचून काढून टाकला असेल."

"हे समितीला का नाही सांगितलंत?"

"डॉक्टर म्हणतात आला नाही. मी कोण सांगणारी आला म्हणून? उद्या म्हणतील हिनंच पुसला. मला नोकरी करायचीय इथे." मग लगेच तिनं नेहमीचा सूर लावला. "आणि तुमच्या मेलचा भरवसा काय हो? त्याच्या आदल्या दिवशीच, सोमवारी, मी तक्रार केली होती. तुम्ही म्हणालात, बघते. काय बघितलंत?"

मी तिच्या टेबलाचा कोपरा घट्ट धरला.

सोमवारी तिची तक्रार आली, तेव्हा कारण शोधायला मी सर्व्हरची निदान नोंद चालू केली होती. ही नोंद नेहमी बंद असते, कारण ती बारीकसारीक सगळं लिहिते आणि डिस्क भरून टाकते. कोणी आलं, कोणत्या मार्गानं आलं, काय उघडलं, काय पुसलं, सगळं. काम झालं की ती बंद करायची असते.

मी ती बंद करायला विसरले होते.

"बाई," मी सेक्रेटरीला म्हणाले, "तुमच्या तक्रारींचं सोनं झालं." ती माझ्याकडे बघतच राहिली.

४

निदान नोंद सात दिवस राहते. सातव्या दिवशी दुपारी तीनला सफाई चालते आणि त्या तारखेची फाइल जाते. वेळ मीच ठरवलेली. तीनला सर्व्हरवर वर्दळ कमी असते.

पाऊण वाजला होता. मी जिन्यावरून पळत निघाले, तर वाटेत दादा भेटला.

"अगं छोटे, कुठे धावतेस? जेवलीस का?"

मला पन्नाशी उलटली तरी मी त्याची छोटीच आहे. त्यानं मला हाताला धरून कॅन्टीनमध्ये बसवलं. त्याला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

"समितीचा ताप झालाय डोक्याला," तो म्हणाला. "पोरगी वाईट नाही. पण निष्काळजी. मी त्या दिवशी अकरा ते एक स्टोअरमध्ये साठा मोजत होतो, मला यातलं काही माहीत नाही. पण समजा पाठवला असेल मेल. विषयात 'तातडीचे' लिहायला नको? नुसता खाटेचा नंबर टाकला तर कोण उघडणार?"

मी भाकरीचा तुकडा मोडला होता. तो हातातच राहिला.

"हं," मी म्हणाले.

"तू ती ओळ देऊन मोकळी हो. उगाच खोलात जाऊ नकोस. काय मिळणार आहे त्यातून?"

"निदान नोंद चालू राहिली होती, दादा. आज तीनपर्यंत आहे ती."

हे मी का बोलले, कोण जाणे. कदाचित त्याच्या तोंडाकडे बघायचं होतं मला. तो पाणी प्यायला. पेला भरलेला होता, तो सगळा एका दमात संपवला.

५

फाइल अवाढव्य होती. दीड वाजल्यापासून मी डोळ्यांत तेल घालून ओळी चाळत होते. सव्वादोनला सापडलं.

अकरा दहा. लॅबच्या खात्यातून, ब्राउझरमधून मेल निघाला. त्याच मिनिटाला डॉक्टरांच्या पेटीत पोचला. न वाचलेला. विषय, खाटेचा नंबर.

म्हणजे चिमणी खरं बोलत होती. मी खुर्चीत मागे टेकले. मनापासून आनंद झाला मला. तो जेमतेम अर्धं मिनिट टिकला.

अकरा सव्वीस. लॅबच्याच खात्यातून रिकॉल. म्हणजे पाठवलेला मेल परत बोलावण्याचा हुकूम. समोरच्यानं मेल वाचलेला नसेल, तर तो त्याच्या पेटीतून गुपचूप नाहीसा होतो. डॉक्टर राउंडवर होते आणि सेक्रेटरी फाइल द्यायला गेली होती. मेल नाहीसा झाला.

पाच बारा, संध्याकाळ. लॅबच्या 'पाठवलेले'मधली त्या मेलची प्रत कायमची पुसली.

कोणत्या संगणकावरून, ते नोंदीत कळत नव्हतं. लॅबचे सगळे संगणक नेटवर्कच्या एकाच दारातून बाहेर पडतात, म्हणून सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. पण मार्ग लिहिलेला होता. शेवटच्या दोन्ही ओळींत ब्राउझर नव्हता, मेलचा पूर्ण प्रोग्रॅम होता. आमच्याकडे रिकॉल फक्त त्यातूनच करता येतो. आणि लॅबमध्ये तो प्रोग्रॅम एकाच संगणकावर आहे. दादाच्या केबिनमधल्या. मीच बसवून दिला होता, दोन वर्षांपूर्वी.

मी स्वतःशी वाद घातला. केबिन उघडी असते, चिमणीही आत जाऊ शकते. पण अकरा सव्वीसला ती नमुने घेत होती, रजिस्टरवर सह्या होत्या. दुसरे टेक्निशियन परदेशी. बाहेरच्या कोणाकडे पासवर्ड नाही. आणि विषयात 'तातडीचे' नव्हतं, ही गोष्ट चिमणीनं माझ्याशिवाय कोणाला सांगितली नव्हती. ज्यानं तो मेल डोळ्यांनी पाहिला, त्यालाच ती माहीत असणार.

अकरा सव्वीसच्या ओळीला मी चूक म्हणू शकत होते. संध्याकाळच्या पाच बाराला काय म्हणायचं? तेव्हा माणूस जाऊन बेचाळीस मिनिटं झाली होती.

फाइलची प्रत करून ठेवायला हवी होती. मी केली नाही. आधी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. कोणी परका असता, तर मी असं केलं असतं का? नसतं केलं.

६

दोन चाळीसला मी त्याच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावलं.

"अकरा सव्वीस," मी म्हणाले.

त्यानं नाकारलं नाही. एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"मी साठा मोजताना मधेच इथे आलो होतो. तिचा मेल दिसला. आधीच्या आठवड्यात दोनदा तिनं नमुने फोडले होते. वाटलं, हाही फुटका. खोट्या आकड्यावर डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवणारं औषध दिलं, तर पेशंटचं वाटोळं व्हायचं. म्हणून परत घेतला. नवा नमुना मागवणार होतो."

"मागवलास?"

"स्टोअरमधून हाक आली. विसरलो."

"आणि पाच वाजून बारा मिनिटांनी?"

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला. "बस ना. उभी का? चहा सांगतो." त्यानं फोन करून चहा सांगितला. मग म्हणाला, "तीन महिन्यांनी मी निवृत्त होतोय. एकतीस वर्षांत एकदा चुकलो. तुझ्या वहिनीला काय सांगू मी? आठवतं, बाबा गेले तेव्हा तू बारावीत होतीस. फी भरायची शेवटची तारीख होती आणि मी सायकलवरून..."

आठवत होतं. मी ऐकत राहिले. चहा आला. तो हळूहळू फुंकर मारत होता. सायकलवरून त्याचं बोलणं माझ्या लग्नावर आलं, लग्नावरून माझ्या आजारपणावर. सगळं खरं होतं. त्यानं माझ्यासाठी जिवाचं रान केलं होतं, हे मी कोणापुढेही शपथेवर सांगेन.

बोलता बोलता त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं.

दोन बावन्न.

तो मला आठवणी सांगत नव्हता. तो तीन वाजायची वाट बघत होता.

"दादा," मी म्हणाले, "मला कळतंय तू काय करतोयस."

"तू काही करू नकोस एवढंच म्हणतोय मी. खोटं बोलू नकोस, काही पुसू नकोस. नुसती बस. चहा पी." त्याचे डोळे भरून आले होते. "छोटे, आठ मिनिटं फक्त."

"ती मुलगी रोज रिकाम्या नळ्यांना लेबलं लावतेय. सहा दिवस तू तिच्याशेजारून जातोस."

मी उठले. त्यानं माझा हात धरला, घट्ट नव्हे, आणि मी सोडवून घेतल्यावर पुन्हा धरला नाही.

दोन मजले. गुडघा दुखत होता, लिफ्ट वर अडकलेली. मी जिना चढले. पासवर्ड एकदा चुकला. दोन सत्तावन्नला प्रत करायला सुरुवात केली, दोन एकोणसाठला ती पूर्ण झाली. तीनला सफाई चालली आणि मूळ फाइल माझ्या डोळ्यांसमोर नाहीशी झाली. छापलेली तीन पानं मी हातात धरली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले.

७

समितीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका बाजूला तिघं होते. अधीक्षक मॅडम मध्ये, मुख्य परिचारिका डावीकडे, दादा उजवीकडे. चिमणी भिंतीला लागून उभी होती. तिला बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

"ओळ आणलीत?" मॅडमनी विचारलं.

"तीन ओळी आहेत," मी म्हणाले, आणि वाचल्या. अकरा दहा. अकरा सव्वीस. पाच बारा. रिकॉल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तो फक्त कोणत्या प्रोग्रॅममधून होतो, तेही सांगितलं.

मुख्य परिचारिकेनं तोंडावर हात धरला. मॅडमचा चेहरा उतरला.

"आणि हा प्रोग्रॅम कोणाच्या संगणकावर आहे?"

एवढं सोपं उत्तर होतं. दोन शब्द. मी कागदाकडे बघत राहिले, अक्षरं दिसेनात.

"बोला, ताई," मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मला ताई म्हटलं.

"लॅबप्रमुखांच्या," मी म्हणाले. "माझ्या भावाच्या."

दादानं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. मला वाटलं, तो माझ्याकडे बघेल. त्यानं चिमणीकडे बघितलं.

"तुझा नमुना चांगला होता," तो म्हणाला.

चिमणीला कळलंच नाही. "काय, दादा?"

"मी मेल परत घेतला तेव्हा नळी बघितलीच नव्हती. नुसतं धरून चाललो की तुझ्या हातचा म्हणजे फुटकाच. ते गेल्याचं कळलं तेव्हा जाऊन फ्रीज उघडला. पेशी फुटल्या की वरचं पाणी लालसर दिसतं. तुझं स्वच्छ पिवळं होतं. तू बरोबर घेतलंस, बरोबर वाचलंस, बरोबर कळवलंस. ते वाचले असते. मी बघितलं असतं, तर ते वाचले असते." त्यानं टेबलावरचे हात मागे घेतले. "आणि मग मी ती प्रत पुसली."

चिमणी भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. ती रडत होती. मुख्य परिचारिका उठून तिच्याजवळ गेल्या.

मॅडमनी आमच्यापुढे दोन कागद सरकवले, एक दादाकडे आणि एक माझ्याकडे, जबाब लिहायला. मी माझा लिहिला. निदान नोंद मी का चालू केली, बंद करायला कशी विसरले, आणि दोन चाळीसला प्रत न करता कोणाच्या केबिनमध्ये गेले, तेही लिहिलं. कोणी विचारलं नव्हतं. पण चिमणीचं आयुष्य मी सतरा मिनिटं वाऱ्यावर सोडलं होतं, आणि ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं होतं.

दादाचं लिहून होईना. मी बाहेर येऊन बाकावर बसले. शेजारी त्या गृहस्थांची बायको होती. मॅडमनी तिला आत बोलावलं. ती पदर सावरत उठली आणि दार लोटून आत गेली. आतून आधी मॅडमचा आवाज आला. मग दादाचा आवाज आला. तो काय बोलत होता ते ऐकू येऊ नये म्हणून मी उठून खिडकीपाशी गेले.

फोन वाजला. वहिनी होती.

"अगं, हे फोनच घेत नाहीयेत. तुझ्याजवळ आहेत का?"

"आहेत," मी म्हणाले. "थोडं काम राहिलंय त्यांचं. ते संपलं की मी घेऊन येते घरी."

"तू कशाला? येतील ना ते."

"नाही, वहिनी. मीच घेऊन येते."